गोठ्यातली गाडी

मी गोठ्यात राहणारी गाडी बोलतेय. हसू नका. माझ्यासारख्या गाड्या शहरात बंगल्याखाली, गुळगुळीत फरशीवर उभ्या असतात हे मला ठाऊक आहे. माझ्या वाट्याला मात्र शेंद्रा गावातला गोठा आला. डोक्यावर पत्रे, नाकासमोर रिकामी गव्हाण आणि बाजूला बैल बांधायचे दोन खुंटे. सुरुवातीला मला त्याची लई लाज वाटायची.

माझा जन्मही इथलाच. शेंद्र्याच्या एमआयडीसीत खोक्यांतून सुटे भाग आले आणि त्यांची मी झाले. माझ्या आधीच्या मॉडेलला लोक 'डबा' म्हणून नावं ठेवायचे. म्हणून मला नव्यानं घडवलं. पोट जमिनीपासून उंच केलं, मागच्या सीटा सपाट दुमडता येतील अशा केल्या, पाठीमागचं दिसायला कॅमेरा दिला. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की मी टुंग टुंग वाजते. आणि मुख्य म्हणजे माझ्या चारही चाकांना जोर आहे. साध्या गाडीची दोन चाकं राबतात, दोन नुसती सोबत येतात. माझं एक गोल बटण फिरवलं की चारही कामाला लागतात.

शोरूममध्ये पोरगा हे सगळं घडाघडा सांगत होता. समोर पांढरी टोपी घातलेला बन्सी आणि त्याचा मुलगा सत्यम. सत्यम पडद्यावरची गाणी लावून बघत होता. बन्सीनं एकच विचारलं, "चिखलातनं निघंल का?"

"काका, कुठूनही निघेल."

"मग हीच."

त्या प्रश्नामागं जुनी गोष्ट होती. त्याच्या बायकोचं, वच्छलाबाईचं माहेर सोयगावकडं, डोंगराच्या कडेला. गावाआधीची वाट सगळी काळ्या मातीची. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात बन्सी तिला बैलगाडीतून माहेरी घेऊन निघाला आणि गाडी आखापर्यंत रुतली. नवी नवरी गुडघाभर चिखल तुडवत बापाच्या दारात पोचली. भावकी हसली. वच्छलाबाई ते विसरली असेल, बन्सी विसरला नव्हता. रान एमआयडीसीत गेल्यावर मोबदला हातात आला, तेव्हा त्याच्या मनात पहिली आली ती ती वाट.

मात्र एक गोष्ट त्यानं बायकोला न विचारता केली. ती भावाकडं गेली असताना त्यानं बैल विकले. हौश्या आणि बाळ्या. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पावसानं तोंड फिरवलं होतं, कडबा मिळत नव्हता, उरलेल्या तुकड्याला ट्रॅक्टर पुरत होता. पण ती वासरं वच्छलाबाईनं हातानं वाढवली होती. बैल गेले, गोठा झाडला, आणि मला आत लावलं.

ती एसटीनं आली. डोक्यावर सरकी पेंडीचं गाठोडं होतं, बैलांसाठी माहेराहून आणलेलं.

"बैल कुठायत?"

"इकले. चारा नाय, पाणी नाय. किती दिस उपाशी ठिवायचे?"

"मला इचारलं व्हतं?"

बन्सी माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "ही तुझ्यासाठीच आणली गं. आपल्याच रानात झालेली हाय. तुझ्या माहेरच्या चिखलातबी अडकायची नाय."

"कुठाय चिखल? दाखवा."

त्यानं आभाळाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. तिनं ती पेंड तशीच गव्हाणीत टाकली, माझ्या नाकासमोर, आणि म्हणाली, "मी हिच्यात पाय ठिवणार नाय." बाई शब्दाची पक्की होती.

त्यानंतर चार वर्षं बन्सीनं एक नेम पाळला. कुठंही निघायचं असलं की आधी डावीकडचं दार उघडायचा आणि थोडा थांबायचा. ती ओसरीवर ज्वारी निवडत असायची. मान वर करायची नाही. मग तो दार हळूच लावायचा आणि एकटाच निघायचा. भांडण तसं काही नव्हतं. ती त्याला वेळेवर भाकर द्यायची, त्याच्या पायाला तेल लावायची. फक्त माझं नाव काढलं की उठून जायची. मला धुवायलाही तिची बंदी होती. "माणसं टँकरची वाट बघतेत, अन् हिला आंघोळ?" तिचं खरंच होतं. बन्सी कोरड्या फडक्यानं पुसायचा.

मधल्या एका साली पाऊस बरा झाला. बन्सीला वाटलं, आता तरी. "चल, तुला माहेरी सोडतो," म्हणाला. ती एसटीत बसली. मग आम्हीही निघालो, एसटीच्या मागं मागं, थेट सिल्लोडपर्यंत. खिडकीतून तिनं एकदा बघितलं असावं. तिथून आम्ही परत फिरलो. गोल बटणावर बोट ठेवून तो म्हणाला, "राहू दे. पुढच्या साली." ते बटण त्यानं कधी फिरवलं नाही. तिच्याशिवाय चिखलात जाऊन तो करणार काय?

पुढच्या सालापासून पुन्हा दुष्काळ पडला. आजूबाजूला प्लॉटचे बोर्ड लागले, जिथं तूर असायची तिथं रस्ते आखले गेले. जालना रोडवर तर गाड्यांना गाड्या चिकटल्या. त्याच उन्हाळ्यात, दुपारी, बन्सी छातीला हात लावून ओसरीत बसला. वच्छलाबाई टँकरच्या रांगेत होती. सत्यम आणि शेजारच्या कडूबानं त्याला उचलून माझ्या मागच्या सीटवर निजवलं.

"तिला सांगितलं का?" बन्सीनं विचारलं.

"सांगितलं अण्णा. तुम्ही बोलू नका."

मी जिवाच्या आकांतानं धावले. पण पुढं ट्रकांची रांग. चार चाकांचा जोर त्या वेळी काय कामाचा? दवाखान्याच्या अलीकडंच बन्सीचा श्वास थांबला. मला ते आधी कळलं, कडूबाला नंतर.

तिसऱ्या दिवशी अस्थी न्यायच्या होत्या. सत्यम आईसमोर चाचरत उभा राहिला. "आई, दुसरी गाडी सांगू का?" ती उठली. गोठ्यात आली, डावीकडचं दार स्वतःच्या हातानं उघडलं आणि मांडीवर कलश घेऊन बसली. सत्यमनं चावी फिरवली तशी मी टुंग टुंग वाजू लागले.

"हिला काय झालं?"

"पट्टा लाव म्हणतेय."

तिनं कलश उचलून पट्टा आतून घेतला. त्या सीटला पहिल्यांदाच तिचा भार कळला. लई हलकी होती बाई.

कायगाव टोक्याला गोदावरीचं पाणी पार आत सरलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून सत्यमनं मला खाली उतरवलं. पाणी दिसू लागलं तसा वरचा पापुद्रा फुटला आणि माझी पुढची चाकं काळ्या चिखलात बसली. सत्यमनं बटण फिरवलं. इतक्या दिवसांत कुणी न फिरवल्यामुळं ते जड झालं होतं. मागच्या चाकांनी जोर धरला आणि मी निघाले. वच्छलाबाईनं कलश छातीशी घट्ट धरला होता. ती रडत होती, मोठ्यानं, लाज सोडून.

परतताना वाळूज आलं. तेव्हा ती म्हणाली, "मला आधी इचारलं असतं ना, तर मी नाय म्हणले असते. आठ रोज भांडले असते. अन् मग बसले असते."

सत्यमनं मला रस्त्याच्या कडेला घेतलं. त्याला समोरचं दिसेना.

आता ती रोज बसते. माझा रंग उडालाय, सीटवरचं प्लास्टिक तिनंच फाडून टाकलं. कुठं जायचं नसलं तरी संध्याकाळी गोठ्यात येते, डावीकडं बसते आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटशी भांडते. बैल कामून इकले, मला कामून नाय इचारलं. पट्टा लावत नाही. माझी चावी फिरवलेली नसते, म्हणून मी वाजतही नाही. नुसती ऐकते.

लोकहो, घरात माझ्यासारखी मोठी वस्तू आणायची असेल, किंवा घरातलं काही न्यायचं असेल, तर आधी घरच्या माणसाला विचारा. ते भांडेल. भांडू द्या. बन्सीचे ते आठ दिवस वाचले, आणि त्यात त्या दोघांची चार वर्षं गेली.