पाणी मालकाचं

टिकाराम मिस्त्रीने ठेक्याचा कागद वाचून दाखवला तेव्हा पंचफुलाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. विटा कोणत्या, लोहा कोणता, फुटाचा भाव काय. शेवटी टिकारामने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "पाणी आणि लाइट मालकाची. बोला, मंजूर?"

पंचफुलाबाई हसली. "पाण्याचं काय सांगून राहिला गा? पाणी काय विकत आणाची वस्तू होय?"

करडीत कोणीही हेच म्हटलं असतं. गावाला तलाव, तलावाखाली बोड्या म्हणजे लहान तळी, बोड्यांखाली धानाच्या बांध्या. आषाढात बाया गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करतात, पाठीवर पाऊस आणि पायाखाली पाणी. सावलीची मोजदाद जशी कोणी ठेवत नाही, तशी पाण्याचीही नाही. कागदावर सही झाली. पोरीची, हर्षाची. ती लाखनीच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिच्याच पगारावर हे घर उभं राहणार होतं.

मग खोदकाम लागलं, आणि टिकारामच्या तोंडात एक शब्द रुजला. मुरूम लागेपर्यंत पाया खाली गेला; कागदातल्या फुटांपेक्षा खोल गेलेलं एक्स्ट्रा. खिडक्यांच्या जाळ्या एक्स्ट्रा. न्हाणीचा उतार एक्स्ट्रा.

"टिकारामकाका, तुम्ही श्वास घेता तो तरी ठेक्यात आहे ना?" हर्षाने विचारलं.

"मोठा घेतला तं एक्स्ट्रा, पोरी," तो थापी न थांबवता म्हणाला.

जिन्याचा आकडा ऐकल्यावर मात्र पंचफुलाबाईने हात जोडले. "पायऱ्या राहू दे, बाप्पा."

"मंग वर कशा जासाल?"

"शिडीनं. जिंदगीभर माळ्यावर चढूनच तं धान काढलं."

असं एक एक वजा होत घर वर आलं. मे महिन्यात एका सकाळी छत घातलं. सिमेंट कालवायला टँकर आणला होता. मजूर जेवून गेले, आणि टिकाराम निघताना म्हणाला, "हर्षाच्या आई, उद्यापासून तराई. छत सुकू द्याचं नाही. वरती पाळ घालून पाणी भरून ठेवा, बांधीवानी. तीन हप्ते. ओलं राहिलं तं दगड होईल, सुकलं तं भेगा पडतील. मंग माझ्या नावानं रडू नका."

"आणि पाणी?"

टिकारामने खाली पाहिलं. "पाणी मालकाचं."

पंचफुलाबाईने शिडीवरून चिखलाच्या घमेली वर नेल्या आणि छताच्या कडेने पाळ घातली. हे काम तिला कोणी शिकवायला नको होतं. चार कोपऱ्यांत चार बांध्या झाल्या. पण बांध्या कोरड्याच. बोडीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. नळ दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. चौकातल्या हातपंपाला शंभर दांडे मारले तेव्हा कुठे एक गुंड, एक हंडा, भरायचा, आणि मागे बायांची रांग.

टँकरवाल्याला हर्षाने फोन लावला.

"ताई, लग्नसराई आहे," तो म्हणाला. "वऱ्हाड्यांना आंघोळीला पाणी नाही तर नवरा मांडवात कसा येईल? डबल देता म्हणता, पण गाडीच नाही ना जी."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुलाबाई शिडी चढून वर गेली. हातपंपाचं पाणी टाकल्या टाकल्या छताने पिऊन टाकलं होतं. मधोमध रंग पांढरा पडत चालला होता. तिने तळवा ठेवला, चटका बसला. तापातलं लेकरू चाचपावं तशी ती छत चाचपत राहिली. एका कोपऱ्यात बोटाला केसासारखी रेघ लागली. आणि त्याच वेळी, अंगणामधल्या मातीच्या भिंतीपलीकडे, मोटर सुरू झाली.

मोटर आनंदरावची होती. आनंदराव तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्या बोअरचं पाणी भेंडीच्या वाफ्यात पडत असल्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

बोअर दोघा भावांनी मिळूनच मारला होता. वाटणीत तो आनंदरावच्या बाजूला गेला. पंचफुलाबाईचा नवरा हिरामन अर्धं पाणी मागायला उभा राहिला, तेव्हा आनंदराव बोलून गेला, "पायजे तवा माझ्या दारात येऊन मागजो." हिरामनने भिंतीवर हात ठेवला आणि अख्ख्या मोहल्ल्यासमोर म्हणाला, "तुझ्या बोअरचा थेंब माझ्या घराले लागणार नाही." त्या दोघांची म्हातारी आई तेव्हा जिवंत होती. ती म्हणाली, "पाण्याले शिवू द्या म्हणून आपल्या माणसानं डोकी फोडून घेतली रे, आणि तुम्ही भाऊ भाऊ पाणी वाटून राहिले?" त्या दिवशी ती जेवली नाही.

हिरामन गेला त्या सकाळी आनंदरावने एक ड्रम भरून अंगणात भिंतीपाशी आणून ठेवला होता. आलेल्या माणसांना हातपाय धुवायला. कोणी हात लावला नाही. गावाला शब्द माहीत होता. ड्रम तसाच उभा राहिला, आणि पाणी उन्हाने प्यायलं.

"आई, मी जाते मोठ्या बाबांकडे," हर्षा संध्याकाळी म्हणाली. "अजून दोन दिवस असेच गेले तर छत जाईल. आता परत घालायला माझ्याकडे काही नाही."

"तू नको जाऊ."

"का पण? भांडण त्यांचं होतं. आता बाबाही नाहीत."

"म्हणूनच नको," पंचफुलाबाई म्हणाली. "बापाचा शब्द लेकीनं मोडू नये. मोडाचाच आहे तं मी मोडतो."

हर्षा आईकडे बघत राहिली. "तू? तू तर त्यांच्याशी कधी बोललीच नाहीस."

ते खरं होतं. भासऱ्याची लाज असते. लग्न होऊन आल्यापासून पंचफुलाबाई त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सारून उभी राहिली नव्हती, की एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर मोठ्या जाऊबाईच्या तोंडून. भांडणाच्या वर्षांतही जाऊबाई नळावर भेटली की दोन्हीकडचा निरोप पोहोचायचा. मागच्या थंडीत तीही गेली. आता मध्ये कोणी नव्हतं. फक्त भिंत होती.

लहानपणी आईच्या जात्याजवळ बसून ऐकलेली एक चाल होती. त्या चालीवर पंचफुलाबाईच्या ओठांत दुसऱ्या पहाटे शब्द जुळले:

भिंत गं दोघा घरी, मधी उभी मुकी बाई
इकडं तहान माझी, तिकडं पाणी वाया जाई

उजाडलं तेव्हा आनंदराव पलीकडे बैलाला धूत होता. बादलीचा, पाण्याचा, खाकरण्याचा आवाज येत होता. पंचफुलाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीसमोर उभी राहिली, माणसासमोर उभं राहावं तशी.

"भिंतबाई," ती मोठ्याने म्हणाली, "तुले सांगतो, ऐक."

पलीकडची बादली थांबली.

"माझ्या घरावर छत घातलं आहे. पाण्याबिगर तडकून राहिलं. हर्षाच्या बापानं जे म्हटलं, ते माझ्या ध्यानात आहे. हे पाणी माझ्या घराले लागणार नाही, म्हटलं त्यानं. आता लागते. तो शब्द मी मोडून राहिलो, भिंतबाई. पोरीच्या माथी नको येऊ देजो. माझ्या माथी येऊ दे."

ती थांबली. बैलाने शेपूट झाडली. तिला वाटलं, झालं, भिंतीलाही कान नाहीत.

मग पलीकडून म्हातारा आवाज आला. तिला उद्देशून नाही. तोही भिंतीशीच बोलत होता.

"भिंती, तिले सांग, शब्द त्याचा एकट्याचा नव्हता. मीही बोललो होतो, दारात येऊन मागजो. आता कोणाले दारात या लागत नाही." तो खाकरला. "आणि सांग का त्या दिवशीचा ड्रम म्यां उचलून आणला नाही. अजून तिथंच उभा आहे. त्यातच पाणी सोडतो म्हणा."

ड्रम खरंच तिथेच होता. हर्षाच्या सायकलीमागे, गंजलेला, भिंतीला टेकून.

पाइप मात्र भिंतीवरून येईना. वर चढवला की मुरगळायचा आणि धार तुटायची. टिकाराम आला, दोन्ही बाजूंनी बघून म्हणाला, "भिंतीले भोक पाडा लागते." आणि सवयीने पुढचाही शब्द बोलून गेला, "एक्स्ट्रा."

"अर्धी मजुरी माझ्याकडून घेजो," भिंत पलीकडून बोलली.

टिकारामने पंचफुलाबाईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्याने सब्बल, लोखंडी पहार, मारली. जुनी, गव्हाचा भुसा घातलेली गव्हांड्याची माती. दोन घावांत पलीकडचा उजेड आला. त्या उजेडातून पाइप आत शिरला, आणि ड्रमच्या गंजक्या तळावर पाणी वाजलं.

त्या दिवसापासून पंचफुलाबाई खाली बादली भरायची आणि हर्षा दोर धरून वर ओढायची. हर्षाची ड्यूटी असली की पंचफुलाबाई एकटीच शिडी चढायची. छतावरच्या बांध्या भरल्या. सकाळी त्यांत आभाळ दिसायचं, दुपारी चिमण्या उतरायच्या. कोपऱ्यातली रेघ तिथंच थांबली; टिकारामने सिमेंटचं पाणी सोडून ती बुजवली आणि त्याचं काही लावलं नाही. पण पंचफुलाबाईने त्या पाण्याने कधी तोंड ओलं केलं नाही. घराला लागलं ते लागलं. स्वतःसाठी ती हातपंपावर रांगेत उभी राहायची आणि एक गुंड भरून आणायची. हिरामनच्या शब्दातला एवढा तुकडा तिने आपल्या गळ्यात राखून ठेवला होता. हर्षाला ते दिसत होतं.

तराई संपली. टिकारामने छतावर हातोडी ठोकून पाहिली, टणटण आवाज आला. खाली उतरून त्याने भोकाकडे बोट दाखवलं. "हे बुजवाचं आहे का?"

पंचफुलाबाई उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"भिंती, तिकडच्या हातपंपाचं पाणी गोड आहे म्हणतात. तहान लागली. एक गडवा मिळंल का, इचार."

पलीकडे मोटर चालूच होती. पाणी भेंडीच्या वाफ्यातून वाहून अंगणात आलेलं इकडे ऐकू येत होतं.

पंचफुलाबाईने गुंडावरचं झाकण काढलं, पितळी गडवा काठोकाठ भरला आणि भोकातून पुढे केला. सुरकुतलेला एक हात आला आणि तो गडवा अलगद घेऊन गेला. पलीकडे घोट घोट पाणी उतरल्याचा आवाज आला.

कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. गडवा परत आला तेव्हा जड होता. त्यात त्याच्या बोअरचं पाणी होतं.

पंचफुलाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. भिंतीकडे तोंड करून गडवा उंच धरला, आणि प्यायली.