कमी जोराचं गिऱ्हाईक

“वारा आहे,” बाबा म्हणाले.

झाडाचं पान हलत नव्हतं. बाबांची काळी डिस्क मात्र वीस पावलांवर डावीकडे कलली आणि गवतात पडली.

बाबा म्हणजे माझे सासरे. दुकानामागच्या मैदानात खांबावर साखळ्यांची टोपली आहे. कमीत कमी फेकांत प्लास्टिकची तबकडी, म्हणजे डिस्क, तिच्यात पाडायची, एवढाच हा खेळ. तीस वर्षं बाबांनी त्याचं सामान विकलं आणि दर रविवारी दोस्तांना हरवलं. मग पक्षाघाताने उजव्या हातातला जोर नेला. ऐट तेवढी शाबूत राहिली. दुकान आता मी चालवते.

“या रविवारी मी जात नाही. दुकानात बसतो.”

हा सलग पाचवा रविवार. आता गेले नाहीत तर कायमचेच बसतील. ‘हलकी डिस्क घ्या’ असं नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं होतं. दोन दिवस घरात अबोला होता. म्हणून मी थाप मारली. थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

“बाबा, एक गिऱ्हाईक आहे. नवशिकं. हातात जोर कमी. काय देऊ?”

“वय?”

“तुमच्याच आसपास.”

“स्वभाव?”

“हट्टी.”

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुकानात येऊन फळीसमोर उभे राहिले. एकेक डिस्क तळहातावर तोलू लागले.

“ही वेगाची. वर छापलेला वेगाचा आकडा मोठा बघून नवशिके हीच मागतात. जोर नसला की डावीकडे जाऊन मरते. ही नको, जड आहे. दीडशे ग्रॅमच्या वर जायचंच नाही. कडा अरुंद हवी, बोटांत मावणारी. आणि मुळातच जराशी उजवीकडे वळणारी घे. कमी जोरात तीच सरळ जाते.”

शेवटी एक निळी उरली.

“फेकून बघा ना. गिऱ्हाइकाला खात्रीने सांगता येईल.”

दुकानाच्या मागच्या दारातून बाबांनी फेकली. निळी डिस्क काळीला मागे टाकून सरळ गेली आणि टोपलीपाशी अलगद बसली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी हात पदराआड धरून ठेवले.

आणायला ते स्वतःच गेले. गवतात बराच वेळ वाकून शोधत होते. मग दोन्ही डिस्क घेऊन परत आले.

“त्या गिऱ्हाइकाला निळी देऊ नकोस.”

“का? चांगली गेली की!”

“पिवळी दे. म्हाताऱ्याला गवतात निळी दिसत नाही.”

बाबांनी काळी डिस्क माझ्या हातात ठेवली. तिच्या पाठीवरचं त्यांचं नाव पुसट झालं होतं.

“ही तू वापर. तुझ्या हातात जोर आहे.” मग त्यांनी फळीवरून तशीच पिवळी काढली. “आणि पेन दे. रविवारी कुठे हरवली तर परत मिळायला हवी.”

उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देऊन ते पिवळ्या डिस्कच्या पाठीवर नाव लिहू लागले. बराच वेळ लागला.