मोठ्या ताटाखालची फळी

मी एक जुनी, गोल लाकडी फळी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा हळव्या असतात. मी मात्र चिडलेली आहे, आणि ते आधीच सांगून टाकते.

सुताराने रंधा मारून मला इतकं सपाट केलं होतं, की पाण्याच्या थेंबालाही कुठे ओघळावं ते कळत नसे. माझी जागा कुंभाराच्या चाकावर. छोटी वाटी चाकावरून हाताने उचलता येते. मोठं ताट तसं उचललं तर ओलेपणीच दुमडतं. म्हणून ते माझ्यावर घडतं, माझ्यासकट उचललं जातं आणि माझ्यावरच सुकतं.

ही ताटं घडवायची वहिनी. कारखान्यातले सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण तिचा दीर तसं म्हणे. मातीचा भलामोठा गोळा ती माझ्यावर थापायची, तळव्याने मधून कडेकडे दाबत न्यायची, पुन्हा मध्ये आणायची. तळाला चीर पडू नये म्हणून. शेवटी कड ओढताना चाक अगदी मंद करायची आणि श्वास रोखून धरायची. लोक तिच्या ताटांचं तोंडभरून कौतुक करत, तेव्हा मलाही बरं वाटे.

मग एकदा पाण्याच्या पिंपाचं झाकण फुटलं आणि दिराने, म्हणजे भावजींनी, मला त्यावर ठेवून दिलं. खालून ओल, वरून ऊन. मी वाकले. नवं झाकण आल्यावर त्यांनी मला पुसलं आणि काही झालंच नाही अशा थाटात जागेवर ठेवलं.

ओली माती ज्या फळीवर सुकते, तिचाच आकार घेते. ताटं टेबलावर डुगडुगू लागली, गिऱ्हाइकं ती परत आणू लागली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

"वहिनी, हात थकले आता तुमचे," भावजी म्हणाले. "वाट्या करा निवांत. ताटं मी साच्यात काढून घेतो."

हेच त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं. आणि वहिनीने ते मानलं! याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. ती आपली बोटं मिटून-उघडून बघत बसे. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

साचा यायच्या आदल्या दिवशी तिने हट्टाने एक शेवटचं ताट करायला घेतलं. एरवी ती मला ओल्या फडक्याने पुसायची. त्या दिवशी माती वाळून घट्ट बसली होती, म्हणून खरवडायला तिने लोखंडी पट्टी माझ्यावर आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसला.

"भावजी, इकडे या. या पट्टीखाली काय दिसतंय?"

"उजेड."

"मग माझे हात कुठे थकलेत?"

भावजींनी डोकं खाजवलं. "अहो वहिनी, फळीच तर आहे. पिंपावर ठेवली होती जरा. दुसरी आणू."

"फळी आणाल हो! माझे हात गेले म्हणून जगाला सांगत फिरलात, त्याचं काय करणार?"

भावजी तसेच उठले आणि साचा नको म्हणून कळवून आले.

साचा आला नाही. नवी फळी आली, सपाट. तिच्यावरचं पहिलं ताट भाजून झाल्यावर वहिनीने टेबलावर ठेवलं. ते जागचं हललं नाही.

मित्रांनो, आता मी 'वस्तू जपून वापरा' असं म्हणेन, अशी तुमची अपेक्षा असेल. माझं काय, खुशाल चुलीत घाला. पण कुणाचे हात गेले असं म्हणण्याआधी त्या हातांखाली काय दिलंय ते बघा. आजही ताट टेबलावर ठेवताना वहिनी दुसऱ्या हाताने त्याची कड धरून ठेवते, डुगडुगेल म्हणून. ते डुगडुगत नाही. तरी धरते.