सतराव्या ओळीवरचा नंबर

विकत घेणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी मालमत्तेची यादी केली, तिच्यात सतराव्या ओळीवर मार्तंड प्रधानांचा मोबाइल नंबर होता. त्यात वकिलांची चूक नव्हती. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या दोन खोल्यांत बसून मार्तंडरावांनी कारखान्यांच्या स्टोअर्ससाठी सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा लॉगिनच्या पडद्यावर त्यांनी आपलाच नंबर टाकला: 'अडलं तर फोन करा.' बावीस वर्षं लोक करत होते. सिमही कंपनीच्या नावावर. विक्रीच्या करारावर सही करून तीन आठवड्यांत ते गेले आणि फोन त्यांच्या मुलीच्या, गार्गीच्या पर्समध्ये आला.

"सिम आज लागेल यार," धवल म्हणाला. दोन्हीकडची कामं एकत्र करायला नव्या कंपनीने त्याला इथे बसवलं होतं. "दोनदा तारीख पुढे ढकलली तुझ्यासाठी. हा नंबर वाजतोय तोवर आमच्या पोर्टलकडे कुणी फिरकणारे का?"

"चाळीसही ग्राहकांना कळवलंय मी."

"काय कळवलंस?"

"नंबर बंद होतोय म्हणून."

"आणि काकांचं?"

ते वाक्य तिने दोनदा लिहून दोनदा खोडलं होतं. कुणी फोन केला की बाबा मीटिंगमध्ये असत, नाहीतर बाहेरगावी. निदान चाळीस कारखान्यांत तरी ते अजून होते. नंबर दिला की तेही संपणार होतं.

तेवढ्यात फोन वाजला. तारापूरच्या औषध कारखान्यातला स्टोअरकीपर गुणाजी.

"ताई, साहेबांना द्या ना जरा. महिनाअखेरचा हिशेब बंदच होईना."

धवल खिडकीबाहेर बघू लागला.

"गुणाजीभाऊ, साहेब नाहीत. दोन महिने झाले. वारले."

पलीकडे कुणीतरी ट्रक मागे घेत होतं.

"मागल्या महिन्यात तर मीटिंगमध्ये होते."

"खोटं बोलले मी."

"बरं. मला ओरडायचे फार. मग आता हे कोण सोडवणार?"

"गेटवरच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी लॉगिन करून तसंच गेलं असेल. तो बंद करा आधी."

चपला वाजत गेल्या, परत आल्या. "झालं. साहेब पण हेच सांगायचे, च्यायला."

"पुढच्या महिन्यापासून पोर्टलवर लिहायचं."

"तिथे कोण असतं?"

"मला नाही माहीत."

फोन ठेवून गार्गीने कानातलं काढलं, त्याच्या टोकाने सिमचा ट्रे उघडला. धवलने पाकीट पुढे केलं. पावतीवर छापलं होतं, 'वस्तू सुस्थितीत मिळाली.' तिने सही केली.

"बाकीच्यांना मेल टाकू का मी? छोटासा," धवलने विचारलं.

"नको. एकोणचाळीसच आहेत."

तिने आपला फोन काढला आणि ग्राहकांच्या यादीतला पहिला नंबर लावला.