शेजारची परकी बाई

तारनाक्याच्या घरात चतुराबाईंच्या लग्नाचा फोटो टांगलाय. त्यात हिम्मतरावांशेजारी एक गोरीपान बाई बसलीय. खऱ्या चतुराबाई चांगल्या काळ्याभोर! पण आबिड्सच्या बाजारातल्या कुण्या स्टुडिओवाल्यानं पावडर थापली, वर फोटोवर ब्रश फिरवला आणि त्यांना पार पुसून टाकलं. तेव्हापासून त्या कॅमेऱ्यासमोर म्हणून बसल्या नाहीत.

भाची प्राजक्ता फोटोग्राफर, तीही जुन्या पद्धतीची: फिल्मवर, काळं-पांढरं. तिनं फारच पिच्छा पुरवला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "हौ, एकदा बसते. पण त्यात मी दिसले नाही ना, तर पुन्हा नाव काढायचं नाही."

मावशीनं सत्तरी ओलांडलेली, आणि तिचा खरा चेहरा एकाही फोटोत नाही!

तिनं आधी पावडरचा डबा कपाटात कोंडला. मावशीच्या गालांवर खोबरेलाचं बोट फिरवून तिला खिडकीशी बसवलं. मोतिया साडी नुसती झगझगत होती. कॅमेरा अशा साडीला भुलतो आणि चेहरा अंधारात बुडवतो, म्हणून प्राजक्तानं उजेडाचं माप गालावरूनच घेतलं. साडीचं काय व्हायचं ते होवो!

न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडानं झाकून, लाल दिव्यात तिनं पहिला प्रिंट काढला. चेहरा झकास, पण साडी म्हणजे निव्वळ कोरा कागद.

दारातून हिम्मतराव म्हणाले, "चेहराही जरा उजळ कर की गं."

"काका, तुम्ही त्या स्टुडिओवाल्याचे कोण लागता हो?" प्राजक्ता कडाडली.

मावशी आत येऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या प्रिंटला प्राजक्तानं कागदावर पडलेल्या चेहऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा हलता धरला आणि एकट्या साडीवर जास्तीचा उजेड पाडला; या कागदावर जितका उजेड, तितकं काळं. कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. तिथं काळं असेल ते आधी उमटतं. सगळ्यांत आधी मावशी आल्या: केस, डोळे, तेलानं चमकणारे काळेभोर गाल. साडीचे काठ आणि चुण्या मागाहून, सावकाश.

"अगं बाई! मीच की ही!" मावशींनी प्राजक्ताचा ओला हात घट्ट धरला. डोळ्यांना धार लागली होती आणि हसू आवरत नव्हतं.

प्रिंट वाळायच्या आत त्या बैठकीत जाऊन भिंतीपुढे उभ्या राहिल्या.

"अहो, स्टूल घ्या. उतरवा त्या बाईला. माझ्या नवऱ्याशेजारी फार वर्षं बसली!"

हिम्मतराव निमूटपणे स्टुलावर चढले.