निस्तेज बाजू खाली

“ही आई आहे,” मास्तरांची लेक म्हणाली आणि तिनं फोन टेबलावर सरकवला. “मग इतकी वर्षं आपल्या भिंतीवर होती ती कोण, मावशी?”

अंधारताईनं लगेच फोनकडे पाहिलं नाही. आधी हात पुसले, मग चष्मा पुसला, मग पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. डार्करूमच्या ओट्यावर फोटो धुवायचे तीन ट्रे धुऊन पालथे घातले होते, त्यांतला एक उगाच सरळ केला. खरं तर पाहायची गरजच नव्हती. एकतीस वर्षांत ज्याची धास्ती घेतली नाही असा एक महिना गेला नव्हता, ते आज भल्या सकाळी, चहाचं आधण ठेवायच्या आधीच दारातून आत आलं होतं.

गच्चीवर ओली चादर वाळत घालणारी बाई. तोंडात कपड्यांचा चिमटा, चेहरा चादरीच्या सावलीत, डोळ्याखाली तीळ. वाऱ्यानं चादर लांब फुगून गेलेली आणि तिच्याखालून डोकावणारी दोन छोटी पावलं. मास्तरांनी काढलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला फोटो. पुस्तकांत होता, कॅलेंडरवर होता, एका बँकेच्या जिन्यात होता. फक्त त्या फोटोत बाई उजव्या टोकाला उभी असते. फोनवर ती डाव्या टोकाला होती.

मास्तरांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी प्रदर्शनवाल्यांनी सगळ्या निगेटिव्ह स्कॅनिंगच्या यंत्रातून काढून परत पाठवल्या होत्या. त्यात हा फोटो उलटा निघाला. त्यांचं पत्र लेकीनं वाचून दाखवलं. भाषा फार अदबशीर होती. दोन्हींपैकी मूळ कोणता समजायचा, आणि त्या काळी साहाय्यकाच्या हातून काही चूक झाली असण्याची शक्यता आहे का, एवढंच त्यांना गुरुवारपर्यंत हवं होतं.

साहाय्यक. अंधारताईला हसूच आलं. मास्तरांचा प्रत्येक फोटो तिनं छापला होता. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या उजेडाखाली हात धरून कुठे आकाश गडद केलं होतं, कुठे एखाद्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उजेड राखला होता. एकाही भिंतीवर, एकाही पुस्तकात तिचा उल्लेख नव्हता आणि तिनं तो कधी मागितलाही नव्हता. आता पहिल्यांदाच कुणीतरी तिची आठवण काढली होती, तीही अशी.

अंधारताई हे नाव या लेकीनंच ठेवलेलं. पाच वर्षांची होती तेव्हा. दार उघडलं की आधी अंधार बाहेर येतो आणि मग ताई येते, असं तिनं कुणाला तरी सांगितलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दुकानदार, पोस्टमन, खुद्द मास्तर, सगळे तेच म्हणू लागले. त्याच वर्षी तिची आई गेली होती, आणि अंधारताई कामाला लागल्यावर महिनाभरात पोरगी आपली आपण मावशी म्हणायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. अंधारताईनं ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिनं रोजच्यापेक्षा जास्त वेळ प्रिंट धुतल्या होत्या.

तिचं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. भावाच्या घरी मागची एक खोली होती. वहिनी जिभेची तिखट. अंधारात कुणाचा संसार मांडलाय कोण जाणे, असं ती आल्यागेल्याला सांगायची. एकदा एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं अंधारताईची बोटं पाहिली, औषधांनी तपकिरी पडलेली, आणि हे जातं ना धुतल्यावर, असं विचारलं. नाही जात, अंधारताई म्हणाली होती. विषय तिथंच मिटला. मास्तर गेल्यापासून काम असं उरलंच नव्हतं, तरी ती रोज यायची, ट्रे धुवायची, लाल दिवा लावून थोडा वेळ बसायची आणि घरी जायची. महिन्यातून एकदा लेक डोकावायची. बाकी दार वाजायचं ते मीटरवाल्यानं वाजवलं तर.

“यंत्रात उलटी गेली असेल का गं?” लेकीनं विचारलं.

सांगणं सोपं होतं. हो म्हटलं की झालं. जगातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा या पोरीचा तिच्या शब्दावर विश्वास जास्त होता. प्रदर्शनवाल्यांनी मान डोलावली असती, फोटो जसा होता तसा राहिला असता आणि दर महिन्याला दार वाजत राहिलं असतं. अंधारताईनं तोंड उघडलंही.

पण लेक फोनवरचा फोटो बोटांनी मोठा करत होती, चेहऱ्यापर्यंत, तिळापर्यंत. “तुला एक सांगू? मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. सगळे त्या फोटोसमोर उभे राहून म्हणायचे, किती जिवंत आहे तुझी आई. आणि मला तिच्याकडे बघून आई आठवायचीच नाही. एखादी लांबची बाई असावी तशी. आईचा फोटो बघून आई आठवत नाही, अशी कसली मुलगी.” ती थांबली. “काल हा बघितला आणि मला तिच्या पावडरीचा वास आला.”

अंधारताई खुर्चीवर बसली.

“यंत्र बरोबर आहे,” ती म्हणाली. “उलटी मी घातली होती.”

मग तिनं सगळं सांगितलं. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक निस्तेज. निस्तेज बाजू खाली, कागदाकडे. या कामातलं हे पहिलं अक्षर. तिला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. मास्तरांनी तो रोल दोन महिने कपाटात ठेवला होता, बायको गेल्यापासून हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी तो तिच्या हातात दिला, त्यातला एक फोटो दाखवला, आणि मी बाहेर थांबतो, म्हणाले. तिनं एकटीनं छापलेला तो पहिला फोटो. चेहरा सावलीत होता म्हणून चार बोटं जुळवून तिनं त्यावर सात सेकंद हाताची सावली धरली; कागदावर उजेड जास्त पडला तर तो काळा पडला असता. ओला कागद तसाच बाहेर नेला. मास्तर खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हेच. दुसरं काही नाही.

आठवड्यानं निगेटिव्ह पाकिटात घालताना कडेचे आकडे उलटे दिसले आणि तिला आपली चूक कळली. तोवर फोटो स्पर्धेला गेला होता. मग बक्षीस आलं. मग पुस्तक. प्रत्येक वेळी आता सांगू म्हणायची, आणि प्रत्येक वेळी सांगणं जास्त अवघड होऊन बसायचं. पुढं त्या फोटोच्या चाळीस-पन्नास प्रती तिनं छापल्या, आणि प्रत्येक वेळी निगेटिव्ह मुद्दाम उलटी घातली.

त्या दिवशी लक्ष का उडालं तेवढं तिनं सांगितलं नाही. कोपऱ्यात पालथ्या बादलीवर पाच वर्षांची पोर बसली होती आणि अंधारात हुंदके देत होती. तिला गप्प करायला अंधारताईनं सेकंद मोजायला लावले होते, मोठ्यानं, माझ्यासाठी मोज हं, म्हणत. हात निगेटिव्हवर होते आणि कान बादलीकडे. ते तिचं तिनं ठेवून घेतलं.

लेकीनं घड्याळ पाहिलं. घरी दोन वर्षांचं मूल शेजारणीकडे ठेवून ती अर्ध्या तासाच्या बोलीवर आली होती; तो अर्धा तास कधीच उलटून गेला होता. अंधारताईला वाटलं, आता ती उठेल, पर्स खांद्याला लावेल, बरं म्हणेल. त्या ‘बरं’ची तिनं मनाची तयारीसुद्धा केली.

लेकीनं पर्स उघडली खरी, पण तिच्यातून मास्तरांची चष्म्याची डबी काढली. “ही त्यांच्या उशाशी होती. आत काय आहे ते मला कालपर्यंत कळलं नव्हतं.”

डबीच्या अस्तराखाली पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा एक कागद होता. कडा झिजलेल्या, कोपरे हाताळून मऊ झालेले. निगेटिव्ह सरळ कागदावर टेकवून काढतात तशी चिमुकली प्रत. गच्ची, चादर, बाई. डाव्या टोकाला.

अंधारताईनं भिंग घेतलं. मागच्या बाजूला जुन्या कागदाचा शिक्का होता. तो कागद तर तिच्या पहिल्याच वर्षात संपला होता. म्हणजे मास्तर कधीतरी, ती नसताना, एका सुटीच्या दिवशी इथे एकटे आले होते. स्वतः लाल दिवा लावला होता. आणि मग दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे येऊन, ताई, परवाचं आकाश जरा गडद करा, म्हणाले होते.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली.

“मग बोलले का नाहीत?”

अंधारताईनं भिंग खाली ठेवलं. तीस वर्षं ती आणि मास्तर या दहा बाय आठच्या खोलीत खांद्याला खांदा लावून उभे होते. एकाच गोष्टीवर दोघंही गप्प, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच गप्प आहोत. मास्तर किती जवळ होते आणि किती लांब, हे तिला आत्ता, ते नसताना कळत होतं. तिला त्यांच्यावर रागवावंसं वाटलं. पण रागवायलाही समोर माणूस लागतं.

“छापून देशील?” लेक म्हणाली. “सरळ. मला एक.”

जपून ठेवलेल्या शेवटच्या पाकिटात सहा कागद उरले होते. तिनं औषधं कालवली, पडदा ओढला, दिवा लाल केला. निगेटिव्ह दोन बोटांत धरून क्षणभर उजेडात फिरवली आणि निस्तेज बाजू खाली ठेवली. लेक कोपऱ्यात गेली. बादली तिथंच होती. आता ती वजनानं करकरली.

“मोजू?”

“मोज.”

लेक मोजू लागली आणि अंधारताईचा हात नेहमीसारखा उजेडात गेला, नेहमीच्या ठिकाणी, उजवीकडे. तिथे चेहरा नव्हता. नुसती चादर होती. पहिला कागद वाया गेला. दुसऱ्या वेळी तिनं डावा हात घातला, पण डाव्या हाताला काही येत नव्हतं. बोटं जुळेनात, सावली थरथरत राहिली. तिसरा बरा आला. डेव्हलपरमध्ये आधी चादर उमटली, मग चिमटा, मग सगळ्यात शेवटी तो चेहरा, आणि ट्रेवर वाकलेल्या लेकीच्या तोंडून इतका बारीक आवाज निघाला की अंधारताईनं मान दुसरीकडे वळवली.

दिवा लावल्यावर तिनं कपाटातून जुनी उलटी प्रत काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी टांगल्या. सरळ फोटो चांगलाच होता, पण त्यात आधी चेहरा दिसायचा आणि मग नजर चादरीवरून घसरत बाहेर निघून जायची. उलट्यात ती चादरीवरून वर चढत जायची आणि शेवटी चेहऱ्याशी येऊन थांबायची. पुढं जाताच यायचं नाही. ‘हेच’ म्हणजे काय, ते अंधारताईच्या हाताला कळलं होतं. डोळ्यांना आत्ता कळलं.

“फोटो तोच चांगला आहे, जुना,” लेक डोळे पुसत म्हणाली. “आई ही चांगली आहे.”

“तीही आईच गं. तुझ्या आईनं स्वतःला आरशात बघितलं असेल ते तसंच.”

लेकीनं दोन्हींकडे पुन्हा पाहिलं. “म्हणून बाबांना तो बघवत असेल,” ती म्हणाली. “त्यातली ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आरशातल्यासारखी, स्वतःकडे बघत होती.”

जाताना, सरळ प्रत दोन पुठ्ठ्यांत बांधून काखेत घेतल्यावर, ती दारात थांबली. मी प्रदर्शनवाल्यांना खरं तेच कळवते, म्हणाली. भिंतीवर जुनाच लावा म्हणून सांगते. आणि मग, चपलेचा पट्टा लावता लावता, वर न बघता विचारलं, “तुझं नाव लावायला सांगू?”

आता काय करायचंय नाव, असं म्हणायला अंधारताईनं तोंड उघडलं.

“लाव,” ती म्हणाली.

प्रदर्शन सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर ती एका दुपारी गर्दी नसताना गेली. उद्घाटनाला लेकीनं बोलावलं होतं, पण इतक्या उजेडात इतक्या माणसांत उभं राहायची तिला सवय नव्हती. आता दालनात शाळेच्या दोन मुली होत्या, त्याही बाकावर बसून फोनमध्ये बघत होत्या. तिनं बेतानं सगळ्या भिंती पाहिल्या. प्रत्येक फोटोत तिला आपला हात दिसत होता. इथे तीन सेकंद, इथे पाच. आणि शेवटच्या भिंतीवर एकटा तो.

खाली छोटी पट्टी होती. मास्तरांचं नाव, साल, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘छपाई’ आणि पुढं तिचं नाव. अंधारताई नव्हे. आईनं ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं, गेल्या कित्येक वर्षांत कुणी मोठ्यानं न उच्चारलेलं. तिनं ते वाचलं तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग तिनं मान वर केली. नजर चादरीवरून चढत चेहऱ्याशी आली. तिचा उजवा हात आपसूक उचलला गेला, चार बोटं जुळलेली, अंगठा आत, आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर हवेत थांबला. ओठांत आकडे सुरू झाले.

“मावशी, जरा मागं,” पाठीमागून पहारेकरी म्हणाला. पोरसवदा होता, बोलला गोडीनंच. “हात नाही लावायचा.”

“नाही लावत,” ती म्हणाली.

पण सेकंद चारच झाले होते. सात पुरे होईपर्यंत तिनं हात तसाच धरला, मग खाली घेतला आणि पर्सच्या बंदात अडकवून दाराकडे चालू लागली.