उजव्या हाताचं बोट

संगणक दुरुस्तीत थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात मात्र तिची अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर राहायची.

अर्धांगवायूने वडिलांची वाचा गेली, हलायचं ते उजव्या हाताचं एक बोट उरलं. थोरलीने त्या बोटाखाली बटण बसवलं आणि ते उशालगतच्या यूएसबी हबमधून, म्हणजे एकाच वायरीवर चार-पाच वस्तू जोडायच्या डबीतून, संगणकाला जोडलं. पडद्यावर एकेक शब्द उजळायचा. हवा त्यावर वडील बटण दाबायचे आणि संगणक तो शब्द बोलायचा. दिवसभर आईशी त्यांचं मस्त जमायचं. शेजारचे काका विचारायचे, "झोपलात का?" संगणक ठणकावून सांगायचा, "हो." आई हे रोज रंगवून सांगायची.

थोरली घरी आली की मात्र अवाक्षर नाही.

"थकतात गं संध्याकाळी," आई म्हणायची. थोरलीला ते पटत नव्हतं. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिने संगणकाचं केलं होतं, त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी उतरवली होती. त्याचाच राग, दुसरं काय! तरी आल्या आल्या मोबाइल त्याच हबला चार्जिंगला लावून ती त्यांच्याजवळ बसायची. "बाबा, बोला ना. शिव्या द्या हवं तर." संगणक गप्प. मग तीही गाल फुगवून मोबाइलमध्ये डोकं खुपसायची. मोबाइल निघायचा तो थेट सकाळी, दुकानात जाताना. महिनोन् महिने हेच चाललं. वडील खंगत गेले.

एका दुपारी एक शिक्षिका दुकानात हब घेऊन आल्या. "भुताटकी आहे हो यात. मोबाइल लावला की माउस मरतो. दिवा तर चालूच असतो!"

"भूतबित नाही, बाई. या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही. संगणक देईल तेवढीच वीज सगळ्यांनी वाटून घ्यायची. मोबाइल मेला हावरट, तो सगळी ओढतो, मग बाकीच्यांना..."

हे तिने गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवलं होतं! आज वाक्य अर्धवटच राहिलं. बाईंना तसंच उभं सोडून ती घराकडे धावली.

हबमधून बटणाची वायर उपटून तिने थेट संगणकात खुपसली. स्वतः दाबून पाहिलं. "पाणी," संगणक म्हणाला. तिने वडिलांचं बोट बटणावर ठेवलं.

"बाबा, आता बोला. आता ऐकू येईल."

शब्द उजळत राहिले, पुढे जात राहिले. वडील तिच्याकडे बघत होते. बोट नुसतं टेकलेलं होतं.

"कालपासून तेही हलत नाही गं," आई म्हणाली. "तुला कसं सांगावं कळेना."

थोरली रडत रडत मोबाइलचं, हबचं, सगळं बोलून गेली. आईला त्यातलं निम्मं कळलं, पण तेवढं पुरे होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"म्हणजे ते दाबत होते?" ती म्हणाली. "तू आलीस की बोट थांबायचंच नाही त्यांचं. मला वाटायचं थरथर आहे. मी हातावर पांघरूण घालायचे."